फळीवरचे मडके : वापर, प्रदर्शन आणि भंग

उपयुक्तता आणि सौंदर्य ह्यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न मराठी सौंदर्यविचारात प्रामुख्याने साहित्यकृतीला समोर ठेवून चर्चिला गेला आहे. साहित्यकृतीच्या बाबतीत हा प्रश्न काहीसा सोयीचा ठरतो. कविता वाचली काय किंवा न वाचता फळीवर ठेवली काय, ती झिजत नाही. हजार वाचकांनी हाताळली तरी तिला तडा जात नाही. हाताने घडवलेल्या मातीच्या भांड्याचे तसे नाही. ते वापरले की त्याचे आयुष्य कमी होते आणि ते न वापरता जपले की ज्यासाठी ते घडले तेच घडायचे राहून जाते. त्यामुळे सौंदर्यशास्त्रातला एक जुना प्रश्न येथे नीतिविचाराच्या कक्षेत येतो. पाणी भरण्यासाठी घडवलेले भांडे घरात आणायचे आणि त्यात कधीही पाणी भरायचे नाही, ह्यात काही अन्याय होतो काय? होत असल्यास तो नेमका कोणावर होतो?

हा प्रश्न अमूर्तात सोडवण्यापेक्षा तो जेथे रोज उभा असतो तेथे पाहणे इष्ट. नवी मुंबईतील जुईनगरसारख्या वसाहतीतला दिवाणखाना हे असे एक ठिकाण आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि त्या वेळच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. सानपाडा, शिरवणे, नेरूळ ही मूळ गावे जुईनगरच्या भोवती आजही आहेत. परंतु सेक्टरांतल्या इमारतींमध्ये राहणारे कुटुंब कोठून तरी दुसरीकडून आलेले असते, आणि त्याच्या मूळ गावातल्या कुंभाराशी असलेला त्याचा संबंध, असलाच तर, एक-दोन पिढ्यांमागेच संपलेला असतो. येथे मडके येते ते संबंधातून येत नाही, खरेदीतून येते.

मात्र ह्या घरातली मातीची भांडी एकाच प्रकारची नसतात. उन्हाळा लागला की रस्त्याच्या कडेला मांडलेल्या ढिगातून, टिचकी मारून पारखून आणलेला माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसतो. संक्रांतीची सुगडे, घटस्थापनेचा घट, दिवाळीच्या पणत्या ही दुसरी जात. ही भांडी त्या त्या दिवसापुरती घरात येतात आणि त्यांचे काम झाले की विसर्जित होतात. तिसरी जात शोकेसमधली. जुईनगरहून तिसरे स्थानक असलेल्या बेलापूरला सिडकोचे अर्बन हाट आहे. तेथील मेळ्यांत परप्रांतीचे कारागीर येतात. अशा हाटांतून, प्रदर्शनांतून आणि प्रवासांतून मणिपूरच्या लोंगपीची काळी भांडी, आझमगडजवळच्या निजामाबादची नक्षीदार काळी सुरई, कच्छच्या खावड्याचे रंगवलेले मडके, एखाद्या शहरी स्टुडिओतला झिलईचा चहाचा पेला अशा वस्तू घरी येतात आणि काचेआड किंवा भिंतीवरच्या फळीवर स्थिरावतात. ‘हस्तनिर्मित’ हे विशेषण लागते ते केवळ ह्या तिसऱ्या जातीला. माठही हातानेच घडलेला असतो, सुगडही. पण त्यांना कोणी हस्तनिर्मित म्हणत नाही. जे अजून वापरात आहे त्याच्या निर्मितीची आठवण ठेवण्याची गरज कोणाला वाटत नाही, असे ह्यावरून दिसते.

फळीवर ठेवण्याच्या क्रियेला तात्त्विक समर्थन नाही असे नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) ह्या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले. लौकिकतेचा एक ध्रुव आणि अलौकिकतेचा दुसरा. कलाविषयक व्यवहार ह्या दोहोंच्या ताणात चालतो. फळीवर ठेवलेले मडके म्हणजे लौकिकाच्या ध्रुवावर जन्मलेली वस्तू अलौकिकाच्या ध्रुवाकडे ओढून नेणे होय. स्वयंपाकघरात ज्याच्याकडे कोणी पाहतही नव्हते त्याचा घाट, त्याच्या खांद्याची वळणे, आव्यातल्या ज्वाळेने पाठीवर उमटवलेला काळसर डाग हे सारे आता दिसू लागते. मर्ढेकरांनी मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे अशा मडक्याला लावून दाखवणे मुळीच कठीण नाही. वॉल्टर बेंजामिनने संग्राहकाचे वर्णन जवळजवळ मुक्तिदात्यासारखे केले आहे. त्याच्या मते संग्राहक वस्तूला उपयुक्त असण्याच्या वेठबिगारीतून सोडवतो. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि जे लोक शोकेसची केवळ हेटाळणी करतात त्यांनी ते विचारात घ्यायला हवे. पाहणे हासुद्धा एक प्रकारचा न्यायच असतो.

ह्याच्या नेमकी विरुद्ध भूमिका आनंद कुमारस्वामींची. वस्तुसंग्रहालयातल्या बहुतेक वस्तू मुळात प्रदर्शनासाठी घडल्याच नव्हत्या. त्या कोणाच्या तरी गरजेसाठी, म्हणजे देहाच्या आणि मनाच्या अशा दोन्ही गरजांसाठी घडल्या होत्या. तेव्हा गरजेपासून तोडून त्यांचे सौंदर्य पाहणे म्हणजे अर्थ सोडून उच्चार ऐकण्यासारखे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख. हायडेगरने १९५० च्या सुमारास केलेल्या ‘वस्तू’विषयक चिंतनात कुंभाचे कुंभत्व त्याच्या मातीत नव्हे तर आतल्या पोकळीत आणि त्यातून ओतण्याच्या क्रियेत शोधले, तेही ह्याच दिशेने जाणारे आहे. फळीवरच्या मडक्यात पोकळी असते, पण ती कशाची वाट पाहत नसते.

वापराच्या बाजूने एक साधा पुरावा देता येईल. माठ विकत घेताना टिचकी मारून पाहतात. आवाज बद्द आला तर तडा आहे, खणखणीत आला तर भाजणी नीट आहे. गोरोबाकाकांनी संतमेळ्यात थापटण्याने प्रत्येकाचे डोके पारखले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही आख्यायिका ह्या कसोटीवरच उभी आहे. तेरच्या कुंभाराला अध्यात्मातला कच्चेपणा कानाने कळतो. मडक्याचे ज्ञान कानाचे, हाताचे, ओल्या मातीच्या वासाचे, पाण्याच्या चवीचे असते. काचेआड ते केवळ डोळ्यांचे होते. अलौकिकाकडे नेताना चार इंद्रियांची वजाबाकी झालेली असते, आणि मुक्तीची ही किंमत बेंजामिनच्या हिशेबात आलेली नाही.

तथापि वापर आणि प्रदर्शन ह्या दोन पक्षांपैकी एकाची निवड करून हा प्रश्न सुटत नाही, कारण दोन्ही पक्ष मडके आणि मालक ह्यांच्याचबद्दल बोलतात. तिसरा जो कुंभार, तो दोन्हींच्या बोलण्यात जवळजवळ नसतो. आश्चर्य असे की भारतीय दर्शनांतही हेच घडले आहे. घट हे आपल्या तर्कशास्त्राचे नित्याचे उदाहरण. उपनिषदाने मातीच्या एका गोळ्यावरून सर्व मृण्मयाचे ज्ञान होते असे सांगितले. विकार हे नाव, माती तेवढी सत्य. वेदान्त्यांचे घटाकाश मडके फुटल्याने फुटत नाही. नैयायिकांनी मात्र मडक्याच्या फुटण्याची अधिक गंभीरपणे दखल घेतली. घट घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव. तो अनादी, पण सान्त. घट फुटल्यानंतरचा अभाव तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. त्याच मातीचे दुसरे मडके घडेल, पण हे मडके पुन्हा होणार नाही. फुटण्याला इतके नेमके तात्त्विक स्थान क्वचितच कोणी दिले असेल.

परंतु ह्याच नैयायिकांनी कारणांची मोजदाद करताना कुंभाराला दंड, चक्र ह्यांच्या रांगेत निमित्तकारण म्हणून बसवले, आणि माती वाहून आणणाऱ्या त्याच्या गाढवाला ‘अन्यथासिद्ध’ ठरवले. अन्यथासिद्ध म्हणजे कार्याच्या आधी हजर असूनही कार्याला कारण न ठरणारे. माती गाढवावरून आली काय, माणसाच्या डोक्यावरून आली काय, घट तोच. तर्काच्या दृष्टीने हे निर्दोष आहे. शोकेसमध्ये मात्र आणखी एक पायरी ओलांडली जाते. तेथे गाढवाच्या जागी कुंभारच जातो. मडके कच्छचे, घाट पारंपरिक, रंग नैसर्गिक, एवढे सांगून झाल्यावर ते कोणी घडवले हे सांगितले नाही तरी वर्णनात काही उणे राहिल्यासारखे वाटत नाही.

कुंभार कारण म्हणून टिकून राहतो तो कोणत्या व्यवस्थेत, हे पाहण्यासाठी बलुतेदारीकडे वळावे लागते. त्रिं. ना. आत्रे ह्यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) ह्या ग्रंथात तिचे तपशील आहेत. आत्रे तिचे भाबडे स्तुतिपाठक नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ह्या व्यवस्थेत मडक्याला सुटी किंमत नव्हती. कुंभाराने वर्षभर लागतील ती भांडी पुरवायची आणि सुगीला धान्याच्या रूपाने आपले बलुते न्यायचे. लग्नातल्या कलशापासून प्रेतयात्रेतल्या मडक्यापर्यंत त्याच्याशिवाय पान हलत नसे. म्हणजे कुंभार आणि घर ह्यांना बांधून ठेवणारी गोष्ट मडके ही नव्हती, मडके फुटणे ही होती. घागर फुटली की माणूस कुंभाराकडे जाई. न फुटणारे मडके घडले असते तर गावगाड्याचे एक चाक तेथेच थांबले असते.

आणि मडके केवळ अपघातानेच संपते असे नाही. माठातले पाणी गार होते ते त्याच्या अंगातल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते आणि बाष्प होऊन उडून जाते म्हणून. काही हंगामांनंतर पाण्यातल्या क्षारांनी ही छिद्रे बुजतात आणि माठ धड असूनही म्हातारा होतो. आव्यात ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजलेल्या मातीचा हा धर्मच आहे. स्टुडिओतले स्टोनवेअर १२०० अंशांच्या वर भाजले जाते. त्याची छिद्रे मिटतात, ते पाणी पीत नाही, म्हातारेही होत नाही. ‘हस्तनिर्मित’ ह्या एका शब्दाखाली हे दोन अगदी भिन्न काल दडलेले असतात. एकाच्या बुडाशी घडवणाऱ्याची खूण कोरलेली असते, दुसऱ्याच्या बुडाशी काही नसते. खूण असलेले टिकण्यासाठी घडलेले असते. ज्याला खूण नाही त्याचा कर्ता ओळखण्याचा एकच मार्ग असे : मडके फुटले की ज्याच्या दारी जायचे तो.

जपानमध्ये ह्या अनामिकतेचाच गौरव करणारा विचार यानागी सोएत्सु ह्यांनी १९२० च्या दशकात ‘मिंगेई’ ह्या संकल्पनेद्वारे मांडला. सामान्यांनी सामान्यांसाठी घडवलेली, नाव नसलेली, रोज वापरली जाणारी वस्तूच खरी सुंदर, असा त्यांचा आग्रह. त्याची परिणती मात्र १९३६ साली टोकियोत एका वस्तुसंग्रहालयाच्या स्थापनेत झाली, आणि चळवळीतले कुंभकार हामादा शोजी १९५५ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून घोषित झाले. अनामिकतेच्या तत्त्वज्ञानाने एक मोठे नाव घडवले. यानागींनी अत्यंत भक्तिभावाने पाहिलेला ‘किझाएमोन’ पेला हा मुळात कोरियातला कोणा गरिबाचा साधा वाडगा. आता तो राष्ट्रीय ठेवा म्हणून क्योटोच्या एका मंदिरात जपलेला आहे. त्याच्याहून दिमाखदार मुक्ती दुसऱ्या कोणत्या वाडग्याला मिळाली नसेल. पण भात खाण्यासाठी तो पुन्हा कोणाच्या हाती येणार नाही.

येथपर्यंतच्या विवेचनातून वापराच्या जगाबद्दल एक हळवी ओढ निर्माण होण्याचा धोका आहे. देशीयतेच्या चर्चेत ती अनेकदा होतेही. परंतु महाराष्ट्रात मडक्याच्या वापराचा इतिहास निरागस नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने शुद्ध होते असे सांगून, काही स्पर्श मात्र भाजल्यानेही जात नाहीत, असा अपवाद केला आहे. तांबे-पितळ घासून शुद्ध होते. माती मात्र शोषून घेते, लक्षात ठेवते, म्हणून ती टाकून द्यायची. मातीच्या ह्याच गुणधर्मावर जातिव्यवस्थेने आपले नियम रचले. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधून हिंडावे असा दंडक होता, हे डॉ. आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये नोंदवले आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्राशन केल्यानंतर सवर्णांनी ते ‘शुद्ध’ करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही ह्यांनी भरलेल्या १०८ घागरी त्यात रिचवल्या. गळ्यातले ते मडकेही हस्तनिर्मितच होते. तेही रोज वापरले जात होते. कुमारस्वामींच्या कसोटीला ते उतरते, आणि म्हणूनच ती कसोटी अपुरी आहे असे म्हणावे लागते. ते मडके फळीवर ठेवून त्याच्या घाटातली लय पाहणे कोणाला शक्य आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर पाहणारा कोण ह्यावर अवलंबून आहे.

ह्याच मातीच्या भांड्याचा अर्थ गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) आपल्या आचरणाने उलटा केला. ज्या भांड्यावरून त्यांना नाव मिळाले ते त्यांचे ताट होते, पाण्याचे पात्र होते, प्रसंगी डोक्यावरचे शिरस्त्राणही होते. कोणाच्याही दारची भाकरी त्यात पडे. जे भांडे विटाळ शोषून घेते म्हणून टाकाऊ मानले गेले, तेच त्यांनी कोणाचाही विटाळ न मानण्याची खूण म्हणून हाती धरले. गाडगेबाबांचे गाडगे वापरात होते आणि प्रदर्शनातही होते, कारण ते लोकांना दिसावे म्हणूनच त्यांनी धरलेले होते. दोन पक्ष येथे वेगळे काढता येत नाहीत.

ते आणखी एका ठिकाणी वेगळे काढता येत नाहीत. भीमेची उपनदी असलेल्या घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात उत्खनन केले. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० ह्या काळातल्या त्या वस्तीत मेलेल्या लहान मुलांना दोन मातीच्या कुंभांत घालून, कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत असत. रोज ज्यांवरून पावले पडतात असे ते कुंभ वापरात आहेत असे म्हणता येत नाही आणि मांडलेले आहेत असेही नाही. ते घरात आहेत, एवढेच म्हणता येते. आज अशा कुंभांना अभ्यासिकेत आणि संग्रहालयात जागा मिळाली आहे. ते उकरून काढणे चूक होते असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळेच त्या लोकांविषयी काही कळू शकले. परंतु जे दिसू नये म्हणून पुरले होते ते आता दिसण्यासाठी ठेवलेले आहे, ह्याची जाणीव पाहणाऱ्याने सोडू नये. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ह्यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तूंचा प्रचंड संग्रह जमवला आणि त्याला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. संग्रह म्हणजे केवळ मालकीची हाव असे म्हणणाऱ्यांना ह्या उदाहरणापाशी थांबावे लागते. काही माणसे वस्तू जपतात, कारण माणूस जपता आलेला नसतो.

तेव्हा फळीवर ठेवणे हा स्वतःच अन्याय नव्हे आणि वापरणे हा स्वतःच न्याय नव्हे. जे भांडे घरात आणले ते एक दिवस फुटणार आहे, ह्याला आणणाऱ्याची संमती आहे की नाही, ह्यावर नैतिक निवाडा अवलंबून आहे. ही संमती असेल तर फळीवरचे मडकेही पाहुणा आल्यावर खाली उतरते, त्यात दही लागते, आणि फुटले तर त्याच्या जागी दुसरे आणताना घडवणारा पुन्हा आठवतो. अन्यथासिद्ध झालेला कुंभार कारण म्हणून परततो. संमती नसेल तर रोज वापरला जाणारा महागडा पेलाही प्रदर्शनीयच राहतो, कारण तो धरणारा हात सतत भीतीत असतो. संमती आणि बेपर्वाई ह्यांत मात्र गल्लत होता कामा नये. विटाळ झाला म्हणून मडके फोडणारा आणि वापरता वापरता मडके फुटले म्हणून हळहळणारा, दोघेही खापरेच गोळा करतात. परंतु पहिल्याने भांड्यापेक्षा माणूस टाकलेला असतो.

ह्या संमतीची खरी परीक्षा जुईनगरच्या घरात मालकाच्या हातून होत नाही. दिवाणखान्यातल्या फळीवरची धूळ पुसणारा आणि मोरीत पेले विसळणारा हात बहुधा घरकामाला येणाऱ्या बाईचा असतो. मडके फुटण्याचा धोका तिच्या हातात असतो, त्याची किंमत मात्र दुसऱ्याने ठरवलेली असते. एखाद्या पेल्याचे मोल तिच्या महिन्याच्या पगाराशी ताडून पाहण्याजोगे असेल, तर तो वापरात आणणे म्हणजे तिच्यावर भीती लादणे होय. आणि तो तिला हात लावू न देता स्वतः धुणे ह्यात काळजी किती आणि जुन्या स्पर्शविचाराचा अंश किती, हे ज्याचे त्याने तपासायचे आहे. आजही अनेक घरांत कामाला येणाऱ्या बाईसाठी चहाचा कप वेगळा असतो. तो ओट्याच्या कडेला, कधी खिडकीत, पालथा घातलेला असतो. त्याला हस्तनिर्मित कपाची चिंता नसते, कारण तो बहुधा स्टीलचा असतो, न फुटणारा. हाताने घडवलेल्या पेल्यांची रांग पुसून झाल्यावर तिला चहा त्या रांगेतल्या पेल्यातून मिळतो की खिडकीतल्या कपातून, एवढे पाहिले तरी त्या घरातल्या मातीचा वापर कोणत्या जातीचा आहे हे कळू शकेल.